आबांची म्हैस आणि माझी अरबीची तोंडी

मी बी.ए.ला अरबी का घेतलं, असं कुणी विचारलं की मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, याला काहीतरी भारी ऐकायचंय. ज्ञानाची ओढ, वाळवंटाचं वेड, असलं काहीतरी. कसलं काय! एरंडोलहून सुटणारी पहिली बस जळगावला साडेआठला पोचायची आणि कॉलेजात दुसऱ्या भाषेचे सगळे तास सकाळी सातला असायचे. एकटं अरबी तेवढं साडेदहाला, कारण शिकवणारे सर स्वतःच धुळ्याहून एसटीने यायचे. जळगावात खोली करून राहायचं नाही, ही वडिलांची, म्हणजे आबांची, अट होती. मग काय करणार? फॉर्मवर मी अरबी लिहिलं तेव्हा क्लार्कने चष्मा वर सारून माझं नाव दोनदा वाचलं.

घरी आबांनी एकच विचारलं, बस किती वाजता आहे. मी म्हटलं, सव्वानऊला. "मंग ठीक शे," म्हणाले. आमच्या घराण्याचा आणि अरबीचा संबंध जुळला तो असा.

वर्गात आम्ही तीनच जण. एक टेलरचा मुलगा, त्याला लहानपणापासून अरबी घडाघडा वाचता यायचं, पण व्याकरणाचं नाव काढलं की तो खिडकीबाहेर बघायचा. दुसरी मारवाडी किराणा व्यापाऱ्याची मुलगी. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि आवाज इतका बारीक की ती काय म्हणाली ते तिलाच माहीत. आणि तिसरी मी. मला पाठांतर जमायचं. एका 'लिहिलं' या क्रियापदाची चौदा रूपं मी एकोणतीसच्या पाढ्याच्या चालीवर म्हणून दाखवायचे. सर म्हणायचे, "बेटा, पाढा छान आहे. आता यातलं एक रूप वापरून एक वाक्य सांग." आणि मी वहीत डोकं खुपसायचे.

सर पन्नाशी उलटलेले, पांढरी दाढी, काखेत कायम छत्री. धुळ्यातच वाढलेले, त्यामुळे चिडले की सरळ अहिराणीवर यायचे. व्याकरणसुद्धा ते घरातल्यासारखं शिकवत. अरबीत काही शब्दांच्या टोळ्या आहेत, त्यांना 'इन्ना आणि तिच्या बहिणी', 'काना आणि तिच्या बहिणी' म्हणतात. वाक्यात या आल्या की पुढच्या शब्दांची टोकं बदलतात. सर म्हणायचे, "नणंदा माहेरी येतात की नाही? मोठी इन्ना आली की दारातल्या पहिल्या माणसाला हलवते. धाकटी काना त्याला काही म्हणत नाही, आतल्या दुसऱ्याला हलवते." मला पाच आत्या. मला हे जन्मात कधी विसरता आलं नाही.

दुसऱ्या वर्षाला संभाषण आलं आणि माझी खरी पंचाईत झाली. तोंडी परीक्षा, बाहेरचा परीक्षक. त्यातच कॉलेजने सरांना कळवलं, की तीन विद्यार्थ्यांसाठी वर्ग चालवणं अवघड आहे, या वर्षी तिघंही पास झाले तरच पुढचा वर्ग, नाहीतर अरबी बंद. सरांनी आम्हाला ते शांतपणे वाचून दाखवलं. मारवाड्याची मुलगी जळगावचीच, ती सातच्या तासाला बसली असती. टेलरच्या मुलाचंही तसंच. अरबी बंद म्हणजे कॉलेज बंद, अशी अवस्था एकट्या माझी होती. आणि तोंड न उघडणारी पण एकटी मीच होते.

सरांनी उपाय काढला तो बसचा. ते धुळ्याहून बसून यायचे, मी एरंडोलला चढायचे. तिथून जळगावपर्यंतचा तासभर फक्त अरबी. बस स्टँडात शिरताच सर खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचे, "कैफ हालुकि?" म्हणजे तू कशी आहेस. मी खालून ओरडायचं, "बिखैर!" म्हणजे बरी आहे. मग मी पुढच्या बाकावर बसायचे आणि मान मागे वळवून सवालजवाब चालायचे. वडील कसे? बिखैर. आई कशी? बिखैर. घर, शेत, गुरं? बिखैर, बिखैर, बिखैर. शेवटी एक दिवस कंडक्टरने न राहवून विचारलं, "भाऊ, हाई कोनती भाषा शे?" सरांनी सांगितलं. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरले एकच शब्द येस का?"

सगळी बस हसली. मला असा राग आला म्हणता! पण माणूस खोटं बोलत नव्हता.

खरी अडचण शब्दांची नव्हतीच, सवयीची होती. आमच्याकडे कुणी 'कसं काय?' विचारलं तर एका शब्दात उत्तर देणं हा विचारणाऱ्याचा अपमान. आबा ओट्यावर बसलेले असत. वाटेने जाणाऱ्याने सहज विचारलं, की आबा सुरू. मोटर जळली, कपाशीवर मावा पडला, गुडघा धरलाय, धाकट्या भावाने बांध कोरला, म्हशीने दूध कमी केलं. समोरचाही सायकल लावून खाली बसायचा आणि आपलं सगळं सांगायचा. मगच माणूस उठायचा, आणि दोघांनाही बरं वाटायचं. आबांचं म्हणणं, 'बठ्ठं बरं शे', सगळं बरं आहे, असं म्हणणारा माणूस एक तर काही लपवतोय, नाहीतर काही मागायला आलाय. अशा घरातली मी, बसमध्ये तासभर सगळं बरं आहे म्हणत बसायचं म्हणजे जीव गुदमरायचा.

परीक्षेच्या आठवड्यात आमची म्हैस व्यायला झाली होती. ती असायची मळ्यात. दोन दिवस ती अडलेली, चारा तोंडात घेत नव्हती. आबांचा तिच्यावर भारी जीव. आई म्हणायची, या माणसाने माझी इतकी चौकशी कधी केली नाही. परीक्षेच्या दिवशी आबा पहाटेच मळ्यात गेले आणि मला स्टँडवर सोडायला तेवढे सायकलवरून आले. धोतराला चिखल, डोळे लाल. बस आली तेव्हा मी विचारलं, "आबा, म्हैस कशी शे?"

ते सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाले, "बठ्ठं बरं शे. तू जाय."

मी चढले. सरांनी मागून विचारलं, "कैफ हालुकि?" मी 'बिखैर' न म्हणता खिडकीतून आबांच्या सायकलकडे बघत राहिले. सरांना वाटलं, परीक्षेची भीती. जळगाव येईपर्यंत ते बिचारे मला पाठीमागून धीर देत राहिले, तोही अरबीत.

परीक्षक लांबून आलेले, सुटाबुटातले, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. माझा नंबर शेवटचा. दाराच्या काचेतून सरांची दाढी आणि छत्रीची मूठ दिसत होती. परीक्षकांनी अरबीत विचारलं, तू कशी आहेस? मी म्हटलं, बिखैर. वडील कसे आहेत?

एका शब्दाचं उत्तर होतं. वर्षभर घोटलेलं. आणि मला ते म्हणवेना. मी म्हणाले, "माझे वडील आज सकाळी म्हणाले, सगळं बरं आहे. माझे वडील असं कधीच म्हणत नाहीत."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मग काय झालंय?"

आता म्हैस सांगायची तर तिला अरबीत काय म्हणतात ते कुणाला ठाऊक! आमच्या पुस्तकात उंट होते, घोडे होते, खजुराची झाडं तर रग्गड. म्हशीचा पत्ता नाही. मी म्हटलं, "आमची एक गाय आहे. काळी आहे. गाय नाही, पण. ती पाण्यात बसते." ते इतक्या मोठ्याने हसले की काचेतली छत्री हलली. म्हणाले, "जामूस!" मग एकेक विचारत गेले. ती कुठे असते, किती दिवस झाले, दूध किती देते, वडील तिथे एकटे आहेत का. मी सांगत गेले. इन्नाच्या जागी काना घातली, कानाच्या जागी इन्ना, बाईचा पुरुष केला, काल घडलेलं उद्यावर ढकललं. पण थांबले नाही. वडील एकटे आहेत का याचं उत्तर देताना मला रडू आलं. रडत रडत मी त्यांना अरबीत सांगितलं, की मी इथे पास व्हावं म्हणून ते खोटं बोलले.

बाहेर आले तर सर दारातच. ते मराठी, उर्दू, अरबी सगळं विसरले होते. "एक शब्द व्हता, बेटा! एक!" असं म्हणून कपाळाला हात लावून बाकावर बसले. तेवढ्यात परीक्षक बाहेर आले. हिंदीत म्हणाले, "आपके दो बच्चे सबक अच्छा सुनाते हैं. और ये लड़की बात करती है. ग़लत करती है, मगर करती है." सरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. बस, एवढंच.

घरी पोचले तर आबा ओट्यावर. त्यांनी विचारलं, "परीक्षा कशी गई?" मी दमले होते, म्हटलं, "बरी." त्यांचा चेहरा पडला. "मंग नापास व्हयनी का तू?"

मग मी पायरीवर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, काळ्या गायीसकट. आबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. म्हैस पहाटेच गेली होती. पारडी वाचली. हे सांगायला त्यांना दिवेलागण झाली, आणि मध्ये दोनदा त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. निकाल लागला, आम्ही तिघं पास, वर्ग राहिला. पारडीला आबांनी माझ्याकडून अरबी नाव मागून घेतलं. मी 'बिखैर' ठेवलं. ती इतकी द्वाड निघाली की बादली लवंडल्याशिवाय तिला धार काढू देणं माहीत नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. नव्वद सालाच्या सुमारास एरंडोलला फोनचं बूथ निघालं आणि आबा महिन्यातून एकदा फोन करू लागले. बूथच्या मीटरवर बिलाचे आकडे पळताना दिसत असूनही गुडघा, कपाशी, भावाचा बांध, काही सुटायचं नाही. एकदा भरदुपारी फोन आला. मी विचारलं, "आबा, कसं शे?"

"बठ्ठं बरं शे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कणीक तशीच परातीत टाकली, शेजारणीकडे किल्ली दिली आणि जळगावची बस धरली. पोचले तर आबा खाटेवर आडवे. तोंड किंचित वाकडं, डावा हात उचलत नव्हता. झोपल्याने अवघडला असेल, म्हणून आई आणि माझ्या भावाने तेल चोळत सकाळ घालवली होती, आणि दुपारी त्यालाच धरून आबा बूथवर जाऊन आले होते. मी भावाला जीप आणायला पिटाळलं. आबा माझ्याकडे बघतच राहिले.

"तुले कोनी सांगं?"

"तुम्हीच सांगितलं," मी म्हणाले.

 मग मी त्यांचा डावा हात मांडीवर घेतला, आणि जीप येईपर्यंत आबांनी मला सगळं सांगितलं, पार पहाटे डोळा उघडला तिथपासून.