जोडलाइनीला लावलेलं तेल

नांदुऱ्याच्या अलीकडे आमच्या गावच्या स्टेशनातून एक फाटा निघायचा. जेमतेम अर्धा किलोमीटर. जुन्या प्रेसमधल्या कापसाच्या गाठी मोठ्या लाइनीवर आणायला टाकलेला. पुढे गाठी ट्रकनं जाऊ लागल्या, प्रेस बंद पडली, आणि तिच्या आवारात वाफेचं एक जुनं इंजिन जतन करून ठेवलं. वर्षातून एकदा दुरुस्तीला जाताना तेवढं ते या जोडलाइनीवरून जाई. त्या एका दिवसासाठी माझे बाबा वर्षभर राबत. रेल्वेतून रिटायर झाले तरी बोल्ट आवळणं, बाभळी तोडणं सुटलं नव्हतं. आई म्हणायची, "माह्यापेक्षा त्या लाइनीलेच जास्त ओळखते हा माणूस." खोटं नव्हतं ते.

एका हिवाळ्यात कळलं, साहेब पाहणीला येणार. इंजिन नीट पार झालं तर लाइन राहील, नाहीतर उखडतील. नेमके तेव्हाच बाबा टायफॉइडनं आडवे पडले. मला म्हणाले, "बाई, रूळ गंजले. गंज निघाला पाह्यजे. तूच पाह्य आता."

मी शाळेत शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. सुट्टी टाकली, विटेचे तुकडे घेतले आणि आठवडाभर रूळ घासले. हात सोलवटले, पण रूळ असे लखलखले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग मनात आलं, दवानं परत गंजतील. आमच्याकडे काम संपलं की वखराची लोखंडी पास तेलानं पुसूनच ठेवतात. मी घरातलं जवसाचं तेल नेलं आणि नाल्याजवळच्या चढावर दोन्ही रूळ वरून पुसून काढले. अगदी मायेनं.

सकाळी इंजिन आलं. चढावर त्याची चाकं जागच्या जागी गरगरली. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडायची नळी कधीचीच चोंदलेली. ड्रायव्हरनं मागे घेऊन तीनदा जोर लावला, इंजिन चढेना. बाबा अंगात ताप असताना काठी टेकत आले. वाकून रुळावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"रुळाले तेल कोनं लावलं बे?" साहेबांसोबतचा माणूस ओरडला.

"म्या लावलं," बाबा म्हणाले. "गंजू नोये म्हून."

सगळे हसले. उभा जन्म रुळांवर घालवलेला माणूस रुळाला तेल लावतो म्हणून हसले. रोज पन्नास पोरांवर ओरडणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

लाइन उखडली. चहाच्या टपरीवर लोक बाबांना विचारायचे, "काका, तेल हाये का घरी?" ते हाव म्हणायचे. घरी मात्र त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. रागावले असते तर मी पाय तरी धरले असते.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात त्यांचा एक जुना सोबती भेटायला आला आणि त्यानंही तीच थट्टा केली. बाबांनी माझा हात घट्ट धरला. "हाव गड्या," ते म्हणाले, "चुकलंच माह्यं."

तेव्हाही मी गप्पच बसले.