आधी पेन्सिलनं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते. बाबा फोनवर कधीच फार बोलत नाहीत. "मनू, ताई गेली," एवढंच म्हणाले. कारखान्याच्या बसमधून उतरताना ती कोसळली आणि मंचरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. समोर कोणीतरी स्लाइड बदलत होतं. मी उठले नाही... मीटिंग संपेपर्यंत वहीत रेघा मारत बसून राहिले. चारचौघांत उठणं मला जमत नाही, बोलणंही नाही. आत्या यावरून चिडवायची, "आमच्या मनूच्या पोटात इंग्रजी लई हाय, पर बाहीर येत न्हाई."

सुनंदा आत्या ही बाबांची थोरली बहीण. माहेर आमचं, म्हणजे अवसरी बुद्रुकचं, आणि सासर लोणीचं. तिला मूलबाळ नव्हतं. मंचरजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात ती टोमॅटोच्या लाइनवर लागली आणि शेवटपर्यंत त्याच कारखान्यात राहिली. ती गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या, की कामगार स्त्रियांना कंपनीकडून मिळणाऱ्या आरोग्य विम्याचे नियम बदलावेत म्हणून त्यांनी जुन्नर-आंबेगावात लढा उभा केला. ते खरंच आहे. पण तो लढा कुठून सुरू झाला हे आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि आता मला एकटीलाच आहे.

मी आठवीत होते. कारखान्याने कायम कामगारांचा विमा पहिल्यांदाच काढला आणि घरी भरायला फॉर्म दिले. फॉर्म इंग्रजीत. आत्या रविवारी तो घेऊन आमच्याकडे आली आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "इंग्लिश मिडियमची फी भरतोय न्हवं तुझा बाप? मग भर." घरात पाहुणे होते. ती आईबरोबर आत मासवड्या थापत होती. नाव, वय, जोडीदाराचं नाव, सगळं मी सुवाच्य अक्षरात पेनने भरलं. मग एक ओळ आली. विम्यात आई-वडील घ्यायचे की सासू-सासरे? एकच जोडी, एकाच चौकटीत खूण. विचारायचं तर पाहुण्यांच्या मधून आत जायला हवं होतं, सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायला हवं होतं. फॉर्मवर तिचं सासरचं आडनाव होतं. मी सासू-सासऱ्यांच्या चौकटीत खूण केली. आत्याने पिठाचे हात पदराला पुसले आणि सही केली.

"झालं का गं?"

"झालं."

पुढच्या वर्षी तात्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. आत्या त्यांना घेऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. मी बरोबर होते, कारण तिथे इंग्रजीत बोलतात असं तिला वाटायचं. खिडकीतल्या मुलीने कार्ड पाहिलं आणि सांगितलं, यात यांचं नाव नाही. आत्याने कार्ड परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मी जमिनीवरच्या फरशा पाहत होते. "फॉर्म कोणी भरला होता?" असं त्या मुलीने विचारलं तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "मीच." पैसे जमेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. कारखान्यातल्या साहेबांनी सांगितलं की एकदा निवडलेली जोडी नंतर बदलता येत नाही, पॉलिसीत तसंच असतं.

"पॉलिसी कुणी केली?"

"मुंबईहून येते, ताई."

"मंग मुंबईलाच जावं लागंल म्हना की."

साहेब हसले, असं तिने घरी येऊन सांगितलं. तात्या मात्र तेवढे थांबले नाहीत. भात लावणीच्या दिवसांत ते गेले.

त्यानंतर आत्याला मी कुठलाही फॉर्म थेट पेनने भरताना कधी पाहिलं नाही. तिच्या पिशवीत एक शिसपेन्सिल असायची, रबराच्या तुकड्यासह दोऱ्याने बांधलेली. तिचा नियम होता: आधी पेन्सिलनं भरायचं, मग घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, मग एक रात्र तसंच ठेवायचं आणि सकाळी पेन फिरवायचं. कारखान्याच्या बसथांब्यावर बायका तिच्याकडे फॉर्म घेऊन यायच्या. आधी तिच्याच लाइनवरच्या, मग शेजारच्या दूध कारखान्यातल्या, मग नारायणगावकडच्या द्राक्षं पॅक करणाऱ्या. ती प्रत्येकीला एकच विचारायची, "तुज्याकडं आजारी कोन हाय?" आणि मग, "त्याचं नाव हितं बसतं का बघ." बहुतेकींचं बसत नव्हतं. कोणाची विधवा आई, कोणाला वाढवलेली चुलती. एकदा आम्ही एसटीने डोंगरातल्या आहुप्याला गेलो. तिथल्या बायका हंगामात ठेकेदारामार्फत कामाला यायच्या, त्यांना कार्डच नव्हतं. एका घरात नाचणीची भाकरी खाताना आत्या म्हणाली, "आमच्या कार्डात चुका हायेत, म्हनून आमी भांडतो. ह्यांच्याकडं चूक करायलाबी काय न्हाई."

या सगळ्याचं तिने निवेदन केलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पॉलिसीची पानं वाचून मी तिला मराठीत सांगायचे आणि ती पेन्सिलने लिहायची. लग्न झालेल्या बाईला दोन जोड्यांतून निवडायला लावू नका. ठेकेदाराच्या माणसांनाही घ्या. नोकरी सुटली की त्याच दिवशी कार्ड बंद करू नका. पुण्याच्या कामगार कार्यालयात तिने किती खेपा घातल्या, मला आठवत नाही. शेवटी मुंबईत सरकारच्या एका समितीपुढे बोलायला बोलावणं आलं. माझ्यासाठीही खुर्ची होती. आत्याने मला कोपर मारलं, पण मी समोरच्या कागदांच्या कडा जुळवत बसले. समितीतले एक गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, लग्नानंतर मुलगी सासू-सासऱ्यांनाच घेणार ना? हे तर स्वाभाविक आहे."

"साहेब," आत्या म्हणाली, "मला चार मान्सं हायेत. तुमच्या कागदावर दोनच बसत्यात. मान्सं कमी करू, का कागद मोठा करायचा?"

कोणीतरी हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

परतताना गाडीत मी तिला सांगितलं. खूण मी विचारल्याशिवाय केली होती, तात्या माझ्यामुळे... वाक्य पूर्ण झालंच नाही. आत्या खिडकीबाहेर बघत होती. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "सही कुनाची व्हती? माझी." मग गाडी घाटाला लागल्यावर, "आन् तू इचारलं असतंस तरी मी तिथंच टिक कर म्हनाले असते. तात्याचं नाव घातलं असतं तर लोणीत ऱ्हायले असते का मी? तू न्हाई अडकवलंस मला, मनू. त्या चौकटीनंच अडकवलं."

मला वाटलं होतं की हे ऐकून मोकळं वाटेल. तसं झालं नाही. तोवर मला वाटत होतं की चूक एकदाच, त्या रविवारी झाली. आता कळलं की दुसरं काही होणारच नव्हतं.

त्याच खुणेमुळे लोणीच्या आजींचा, म्हणजे आत्याच्या सासूबाईंचा, विमा होता. पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, आत्याच्या कार्डावर. पुढे लागलेल्या थंड गोदामातल्या ड्युटीने आत्याचे गुडघे धरले होते. पुण्यातल्या एका संस्थेने तिला या प्रश्नावर पूर्णवेळ काम करायला बोलावलं. पगार ठीक होता, विमा नव्हता. तिने एका दिवसात नाही कळवलं. "नोकरी सुटली तरी कार्ड ऱ्हावं म्हनून मी गावोगाव बोलते," ती म्हणाली, "आन् कार्डासाठी नोकरी सोडत न्हाई. कसं दिसतंय गं?" ती हसली, मी हसले नाही. मीही माझं काम सोडायचा विचार वर्षभर करते आहे. माझ्या कार्डावर आई-बाबा आहेत, आणि आईचं गेल्या वर्षापासून हृदयाचं औषध सुरू आहे. हे मी आत्याला कधी सांगितलं नाही. तिने ओळखलं असणार.

तिच्या कारखान्याने मागच्या वर्षी नियम बदलला. आता बाईला दोन्हीकडची माणसं घेता येतात. बाकीच्या कंपन्यांसाठीचा मसुदा अजून मुंबईतच आहे.

तेराव्याला मी लोणीला होते. कारखान्याचं पत्र आलं होतं. भाषा सभ्य होती. कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा विमा महिनाअखेरपर्यंतच चालू राहील. मी ते आजींना वाचून दाखवलं, मराठीत, सगळ्यांसमोर. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "सुनंदी गेली आन् माझं कार्डबी घिऊन गेली," त्या म्हणाल्या. मग तोंडावर पदर घेतला. "तिलाच ऱ्हाऊ द्या म्हनावं. मला काय करायचंय." सरकारी डायलिसिस केंद्रात त्यांचं नाव घातलं आहे, पण नंबर कधी येईल ते कोणी सांगत नाही.

आत्याची पिशवी आजींनी मला दिली. आत निवेदनाची नवी प्रत होती, सगळी पेन फिरवलेली. फक्त शेवटचं कलम पेन्सिलने होतं: "कामगार मयत झाल्यास..." पुढे काही नाही. तिला ते सुचलं होतं, लिहायचं राहिलं. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि बसथांब्यावरच्या बायकांनी परस्पर माझं नाव कळवून टाकलं आहे. "तुज्याशिवाय इंग्रजी कुनाला येतंय?" म्हणाल्या. मला नाही म्हणायचं होतं. तेही बाहेर आलं नाही.

काल मी तीच पेन्सिल घेऊन ते कलम पूर्ण केलं: "...घरच्यांचं कार्ड बंद करू नका. आधी त्यांच्यात आजारी कोण आहे ते विचारा." आज सकाळी आजींना फोन लावला आणि त्यांच्या सुनेची आणि माझी मिळून झालेली ती दोन वाक्यं वाचून दाखवली, मोठ्याने, ऑफिसच्या बसमध्ये, सगळ्यांसमोर. मग आजी म्हणाल्या, "चांगलं हाय. पेन फिरव आता."

महिनाअखेरीला आठ दिवस आहेत. मी पेन फिरवलं.