मावशींनी न पुसलेली तोफ

धक्क्याला बांधलेल्या जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय झालं, तेव्हापासून मावशी तिथे झाडलोटीला आणि मी तिकीट खिडकीवर. कप्तानाची खोली, खलाशांचे बिछाने, अरुंद शिड्यांचे कठडे, संडास, सगळीकडे मावशींचा हात फिरायचा. चिखलाचे बूट घेऊन कुणी शिडीवर चढला, तर त्या नुसत्या बघायच्या आणि तो आपोआप खाली उतरून बूट पुसून यायचा. फक्त डेकवरच्या पुढच्या तोफेपाशी आल्या, की फडकं खांद्यावर टाकून त्या वळसा घालून पलीकडे निघून जायच्या. ती तोफ पहारेकरी पुसायचा. आधीच्या साहेबांनी कधी कारण विचारलं नाही, आम्हीही नाही.

मग नवे साहेब आले. नौदलातले मोठे अधिकारी भेटीला यायचे होते आणि पहारेकरी नेमका रजेवर होता. साहेबांनी डेकवर चक्कर मारली आणि मावशींना हाक मारली.

"मावशी, तोफ वळवायची ही पितळी चाकं हिरवी पडलीत. आज घासून टाका."

"तेवढं सोडून काहीही सांगा, साहेब."

"का? पाठ दुखतेय?"

"पाठ ठणठणीत आहे. ही तोफ मी पुसणार नाही."

साहेबांचा पारा चढला. "मग नोकरी करायची की नाही, ते ठरवा."

मावशींनी बादली खाली ठेवली. "ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय. आठ वर्षांची होते तेव्हापासून."

आणि तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, त्यांनी सांगितलं. देशात आपसातली लढाई पेटली होती, बंदर बंडखोरांच्या ताब्यात गेलं होतं. ही बोट खाडीच्या तोंडाशी उभी राहिली आणि हिने बंदरावर तोफा डागल्या. मावशींचं घर बर्फाच्या कारखान्यासमोरच्या गल्लीत. वडील त्याच कारखान्यात बर्फ फोडायचे. पहिला आवाज झाला तशी आईने पोरांना जिन्याखाली कोंबलं. वरच्या मजल्यावर शेजारची आजी अंथरुणाला खिळलेली होती. वडील तिला आणायला गेले. तेवढ्यात गोळा पडून घर बसलं. ढिगारा उपसला तेव्हा आजी त्यांच्या पाठीवर होती. तिचे हात त्यांच्या गळ्याभोवती तसेच होते.

तोफेशेजारी पाटी आहे : 'या तोफेने बंदरातील शत्रू हुसकावून लावला.' मावशींनी तिच्याकडे बोट दाखवलं. "तो शत्रू बर्फ फोडायचा, साहेब."

साहेब म्हणाले, "पाटी सरकारी आहे. मला बदलता येणार नाही."

"मी बदला म्हटलंय का? मी पुसणार नाही, एवढंच म्हटलं."

"मग याच बोटीवर नोकरी कशाला धरलीत?"

"आईही तेच म्हणाली होती. बोट इथे आणली तेव्हा मी बघायला आले. एवढीशी वाटली. म्हटलं, ही आपल्या दारात आली होती, आता आपण रोज हिच्यावर चढायचं. पायात चपला घालून."

साहेबांनी त्यांना नोकरीवरून काढलं नाही, पण बोटीवरून काढलं. काठावरच्या कचेरीत लावलं. मावशी बादली-फडकं उचलून गेल्या. दुपारच्या सुट्टीत मात्र त्या डबा घेऊन बोटीवर यायच्या आणि तोफेसमोर फतकल मारून जेवायच्या. बघणारे विचारायचे, मावशी सांगायच्या. सुट्टीत कर्मचाऱ्याने कुठे जेवावं, याचा नियम साहेबांना शोधूनही सापडला नाही.

रविवारी एक निवृत्त खलाशी कडक इस्त्रीचे कपडे, डोक्यावर टोपी अशा थाटात येऊन हौसेने तोफेची माहिती द्यायचे. आम्ही त्यांना तोफवाले आजोबा म्हणायचो. लढाईत ते याच तोफेवर होते. एका रविवारी त्यांनी मावशींचं बोलणं ऐकलं. लोक पांगल्यावर ते पुढे आले.

"आम्हाला सांगितलं होतं, वस्ती रिकामी केलीय."

"सांगितलं असेल."

"मी फक्त ही चाकं फिरवायचो. नेम दुसरेच सांगायचे."

"पण फिरवलीत ना?"

आजोबांनी टोपी काढली. "मी आता काय करू?"

"ते मला विचारू नका. तुमचं ओझं उतरवायला मी इथे बसत नाही. मी जेवायला बसते."

पुढचे काही रविवार आजोबा आले नाहीत. आम्हाला वाटलं, संपलं. मग एकदा आले, साध्या शर्टात. शाळेची पोरं जमली होती. एकाने विचारलं, गोळा कुठे पडायचा? आजोबांनी हात लांब केला. "तिकडे. तिथे माणसं राहायची."

साहेबांनी बाजूला घेऊन बजावलं, पाटीवर आहे तेवढंच सांगा. आजोबा म्हणाले, "मग मला काढा." फुकट काम करणाऱ्या माणसाला कुठून काढणार?

पाटी अजून तीच आहे. मावशींना काही महिन्यांनी बोटीवर परत घेतलं, कारण नव्या माणसाला त्या शिड्या जमेनात. तोफ पुन्हा पहारेकऱ्याकडे. मावशी आजोबांशी गोड बोलत नाहीत, पुढेही बोलतील असं वाटत नाही. पण आजोबा पोरांना सांगायला लागले, म्हणजे त्या डब्यावर झाकण ठेवून ऐकतात. परवा आजोबा म्हणाले, "जिन्यात एक माणूस सापडला..."

"सापडला नाही," मावशी मध्येच म्हणाल्या. "आजीला खाली आणत होता. नीट सांगा."

आजोबा पोरांकडे वळले आणि त्यांनी पहिल्यापासून नीट सांगितलं.