शिकवलं म्हणून 'निष्क्रिय'

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून घरी आल्या आल्या हे लिहितेय.

आमच्या हडपसरच्या ऑफिसात प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवलंय. कीबोर्ड आणि माउस किती वेळ चालला, याची ते नोंद ठेवतं. आज सकाळी टीममध्ये नवीनच आलेली अमरावतीची प्राची कामात अडकली, म्हणून मी तिला शेजारी बसवून तासभर कागदावर सगळं समजावून सांगितलं.

दुपारी मॅनेजरनी दोघींना बोलावलं. रिपोर्टमध्ये आम्ही तासभर 'निष्क्रिय'!

"अहो, मी हिला शिकवत होते."

"मान्य आहे मॅडम, पण रिपोर्टमध्ये तसं दिसत नाही."

"रिपोर्टला नसेल दिसत. तुम्हाला दिसत होतं ना? समोरच तर बसता तुम्ही!"

 तरी त्यांनी रिपोर्टमधला 'निष्क्रिय' हा शेरा काही काढला नाही.

संध्याकाळी प्राची पुन्हा अडकलेली दिसली. मी खुर्ची ओढली, तर हळूच म्हणाली, "राहू द्या मॅडम, माझ्यामुळे तुम्हाला परत बोलणी बसतील."

एवढा संताप आला म्हणून सांगू! मी बसलेच. उद्या बोलावलं तर परत जाईन.

तुमच्याकडे नव्या माणसाला शिकवणं कामात धरतात का हो?