फादरना न पोचणारी झारी

"झारी फादरना पोचव. आणि या खेपेला परत घेऊन आलास ना कण्णा, तर दार उघडणार नाही मी," असं रुक्माआत्या म्हणाली, ते आमचं शेवटचं बोलणं. मी गिंडीहून काम आटपून तिच्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर गेलो होतो. "रविवारी नेतो," म्हणालो. रविवारच्या आधीच शेजारणीचा फोन आला... आत्या झोपेतच गेली होती. या बाईने आयुष्यात एक काम मला विश्वासाने सांगितलं, आणि तेही तिच्या हयातीत मला जमलं नाही. अर्थात निम्मा दोष तिचाच, हे आज तिला ऐकू येणार नाही म्हणून धीटपणे लिहितोय.

झारी चांदीची, तंजावरच्या घरातून चालत आलेली. रुंद तोंडाची, पोटावर कोरलेली वेल. फादर आरोग्यसामी तिला द्राक्षाची वेल म्हणत, आत्या म्हणे तोंडलीची. आतोबा हॉस्पिटलात होते तेव्हा हे एग्मोरच्या चर्चमधले फादर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला आले आणि आतोबांशी बुद्धिबळ खेळत बसले. ते मग शेवटपर्यंत. आतोबा गेल्यावरही फादर आत्याकडे येत, आणि कॉफी, मुरुक्कू सगळं बाजूला सारून फक्त पाणी मागत. "इतकं केलं त्या माणसाने आणि पाण्यावर जातो," ही तिची सल. म्हणून घरातली सगळ्यात चांगली वस्तू, पाण्याचीच, त्यांना द्यायची, असं तिने ठरवलं.

आता आमच्यात रिकामं भांडं कुणाला देत नाहीत. म्हणून आत्याने दिवाळीला झारी गळ्यापर्यंत पायसमने भरली आणि मांडीवर घेऊन मी रिक्षातून एग्मोरला गेलो. "आत्याने तुमच्यासाठी दिलंय," म्हणालो. फादरनी पायसम आनंदाने काढून घेतलं, झारी स्वतः घासली आणि भाजलेले शेंगदाणे भरून माझ्या हातात दिली. कारण पूर्वी त्यांनी एकदा डबा रिकामा परत केला तेव्हा आत्यानेच त्यांना झापलं होतं, "फादर, चिमूटभर साखर तरी घालायची!" विद्यार्थी हुशार निघाला. रामनवमीला गुळाचं पानक गेलं, आवळे आले.

"तू नीट सांगितलं नाहीस!"

"मग तू फोन करून सांग ना, भांडं पण ठेवा म्हणून."

"मी काय दुकानदार आहे, यावर भांडं फुकट म्हणून सांगायला? समजायला नको त्यांना?"

"मला सांगू दे मग."

"खबरदार!"

काय करायचं या बाईचं? तिने सांगायचं नाही, मी सांगायचं नाही, आणि जगातल्या सगळ्या पापांचं मर्म ओळखणाऱ्या फादरना हे मात्र ओळखू येत नव्हतं. शेंगदाणे खाऊन खाऊन माझं पित्त वाढलं.

तेरावा झाल्यावर मी झारी घेऊन गेलो. मुद्दाम रिकामी. घोटाळ्याला जागाच नको.

फादरनी आत डोकावून पाहिलं. "काही नाही यात?"

"नाही फादर. तिला झारीच द्यायची होती तुम्हाला. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही तिने?"

"तेच तर, फादर!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर अंगण झाडणारी बाई खराटा थांबवून बघायला लागली.

फादर उठले, नळावर झारी भरून आणली आणि दोन पेल्यांत पाणी ओतलं. पहिल्या घोटालाच मला कळलं. आत्या करायची तशी लखलखीत व्हावी म्हणून आदल्या दिवशी मी झारी विभूतीने घासली होती, आतूनसुद्धा, आणि धुताना आतलं राहूनच गेलं होतं. मी घाईघाईने म्हणालो, "फादर, नका पिऊ, त्यात विभूती राहिलीय..."

"कळलं," फादर म्हणाले आणि त्यांनी पेला पुन्हा भरून घेतला.