पल्याडचा हार्लन

अमेरिकेतल्या टिलमन काउंटीतली नदी हार्लन वोसिकाच्या आजोबांच्या लहानपणी एका पुरात झोपेत कूस बदलावी तशी सरकली. आधी ती गाव आणि वोसिकांची शेतं यांच्या मधून वाहायची. पुरानंतर ती शेतांना वळसा घालून मागच्या अंगाला गेली आणि शेतं आयतीच गावाच्या बाजूला आली. नदी हलली, नाव मात्र जागचं हललं नाही. त्या शेतांना सगळी काउंटी आजही 'पल्याड'च म्हणते.

जन्मभर दुधाचा टँकर चालवलेल्या हार्लनला या गोष्टीचा भारी अभिमान. चर्चच्या जेवणात तो ती सांगायला उभा राहिला, की माणसं घाईघाईनं गोडाचं वाढून घेत. पुढं नदी पुरती सरकेपर्यंत कुणाला उठता येत नसे.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात, मका काढून झाल्यावर, एका दुपारी त्याची बायको अर्डिस छाती धरून स्वयंपाकघरात खाली बसली. तिला उचलून पिकअपमध्ये घालावं, तर हार्लन स्वतःच काठीवर. काउंटीतलं इस्पितळ केव्हाच बंद पडलेलं. त्यानं अँब्युलन्ससाठी शेजारच्या काउंटीतल्या इस्पितळात फोन लावला.

"घर कुठं आहे?" फोनवरच्या पोरीनं विचारलं.

"पल्याड."

"म्हणजे नदी ओलांडून?"

"हो हो, पल्याडच!" हार्लन घाईनं म्हणाला. सवयीचं तोंड, डोक्याला विचारतंय कोण?

थोड्या वेळानं खिडकीतून अँब्युलन्सचा लाल दिवा दिसला. तो लांबचा पूल ओलांडून समोरच्या काठानं निघाला होता.

"अर्डिस, ते पल्याड गेले गं!"

"आपण पल्याडच राहतो ना रे?" ती धापा टाकत म्हणाली.

"खरंखुरं पल्याड!"

पुन्हा फोन केला, तर गाडीला निरोप पोचवायची सोय नव्हती. टेबलावरचं तांबडं कापड ओढून हार्लन लंगडत काठावर गेला आणि ते फडकवत राहिला. अँब्युलन्स समोर थांबली. मध्ये गढूळ, रुंद पाणी. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला.

"वोसिका तुम्हीच का? पल्याडचे?"

"हो, मीच!"

"मग अल्याड काय करताय, आजोबा?"

हार्लननं तोंड उघडलं. पूर, आजोबा, वाहून गेलेली गुरं, सगळं जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं आणि नुसतं पुलाकडं बोट दाखवलं.

गाडी वळलेली बघून तो घरात परतला, जमिनीवर बसला आणि अर्डिसचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. पूल लांब होता. सायरनचा आवाज बारीक बारीक होत चालला.

"चालले का रे ते?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"नाही गं," हार्लन म्हणाला, "येतायत."