इंचमावशीचा सोळा इंची सर

गिऱ्हाईक बाई दुकानाच्या पायऱ्या चढून पंख्याखाली येईपर्यंत इंचमावशीने तिच्या मानेचा हिशोब केलेला असायचा. आखूड मान, भरलेले गाल असले की वीस इंच. लांब, सडपातळ मान असली की सोळा, म्हणजे सर गळ्याच्या खळगीत बसतो आणि मान मिरवते. गळ्याची हाडं वर आलेली असली की सोळा मुळीच नाही, मोती हाडांवर कुंपणासारखे दिसतात. टेप तिच्या टेबलावर होती, पण ती बहुतेक कागद उडू नयेत म्हणून. खरं नाव काय ते पगाराच्या यादीला ठाऊक. बाकी सगळ्यांची ती इंचमावशी.

मोत्यांचं दुकान. पुढे काचेची कपाटं, आरसे, गोड बोलणारी पोरं. मागे पडद्याआड तिचं टेबल, फटीतून पायऱ्या दिसतील असं. टेबलावर रेशमी दोरा, सुया, बिनडोक्याची काळी मखमली मान, आणि समोर सर ओवणारी ती. पंचवीस वर्षं. दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती पळतो, बाकीचे जागेवर राहतात. माणसांचं असं नसतं, हे तिला नवरा गेला तेव्हा कळलं.

थोरल्या मालकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बघा बाई, गिऱ्हाइकाला माप विचारायचं नाही. आपल्या मानेत काय खोट आहे ते कुणीही तोंडाने सांगत नाही. आपण बघायचं, आणि न बोलता बरोबर लांबीचा सर पुढे ठेवायचा." मावशीने ते वाक्य पदरात बांधून घेतलं. थोरले मालक वारले, धाकटे गादीवर आले, दुकानाला एसी आला. वाक्य मात्र तिच्यापाशीच राहिलं.

खुद्द मावशीच्या मानेत खोट होती. नऊ वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि बरोबर खळगीच्या वर एक आडवा वण राहिला. शाळेतल्या पोराने चुकीच्या शब्दाखाली रेघ मारावी तसा. तेव्हापासून बंद गळ्याची पोलकी. उन्हाळ्यातसुद्धा वरचं बटण लावलेलं. पुढची पोरं म्हणायची, "मावशी, आत काय दडवलंय, मालकांचे मोती?" ती म्हणायची, "हो, तुझ्या अकलेएवढे. म्हणून तर दिसत नाहीत."

या दुकानात पंचवीस वर्षं भरली की माणसाला सर्वांसमोर एक सर भेट मिळायचा. मावशीला त्या सराची आस होती, आणि तो वीस इंची असणार याची खात्री. वीस इंची सर छातीवर उतरतो, बघणाऱ्याची नजर खाली ओढून नेतो, वण वर विसरला जातो. बायकांच्या कितीतरी खोटी तिने अशाच बुजवल्या होत्या. यंदा आपली पाळी. तिने कापड आणलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा उघड्या गळ्याचं पोलकं शिवलं.

सुनेने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, आधी त्यांना सांगून टाका ना, वीस इंच पाहिजे म्हणून."

"सांगायचं कशाला? रोज समोर असते मी."

"अहो, पण बघतंय कोण तुमच्याकडे?"

"दुकान मोत्यांचं आहे, बाळ. तिथे मानेकडेच बघतात."

"गिऱ्हाइकाच्या," सून म्हणाली आणि पोळपाट धुवायला गेली.

समारंभाच्या आठवडाभर आधी धाकट्या मालकांनी मोत्यांची एक पुडी टेबलावर टाकली. "मावशी, सोळा इंच. जरा घाई आहे."

"मान कुणाची?"

"असेल कुणाची तरी. स्टँडर्ड करून टाका."

मान न बघता ओवणं मावशीला आंधळ्याने न्हाव्याचं काम करण्यासारखं वाटायचं. ती दिवसभर पुटपुटत होती. कोण बिचारी असेल ही, जिच्याकडे एकदा वळून बघायला घरात माणूस नाही! तरी गाठी तिने नेहमीसारख्याच चोख मारल्या. कामावर राग काढायची तिला सवय नव्हती. टोकांना फासा लावला, सर पुडीत घातला आणि त्या बिचारीला विसरून गेली.

ती बिचारी कोण, ते तिला रविवारी व्यासपीठावर कळलं.

डबी उघडली आणि पहिली गाठ दिसताच तिने ती ओळखली. आपल्या हाताची गाठ कोण ओळखणार नाही? पण तोवर धाकट्या मालकांच्या बायकोने सर तिच्या गळ्यात घालून फासा लावलासुद्धा. सोळा इंच. मोती बरोबर वणाखाली जाऊन बसले. रेघ आधीच होती, आता तिच्याखाली मोत्यांची दुसरी ओढली गेली. उघडं पोलकं, वर दिवे, समोर दीडशे माणसं. पहिल्या रांगेतल्या एका पोरीने आईला विचारलं, "यांच्या गळ्याला काय झालं?" आईने तिला चिमटा काढला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, मान वर करा, छान दिसतंय!" मावशीने मान वर केली. पंचवीस वर्षांत सांगितलेलं काम तिने कधी टाळलं नव्हतं.

सोमवारी तिने आयुष्यातली पहिली मागणी केली. "साहेब, माझा सर चार इंच वाढवून घेऊ का? सोळा-सतरा मोती लागतील."

धाकटे मालक मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "मावशी, यंदापासून सगळ्यांना सोळाच देतो आपण. तुम्हाला वेगळं दिलं की उद्या वॉचमनसुद्धा वीस मागेल." मग त्यांना आपलाच विनोद आवडला आणि ते हसले. मावशीही हसली. नोकरीत हसणं धरलेलं असतं.

तिने सर काढून टेबलावरच्या मखमली मानेला घातला. काय बसला! ना वण, ना हाडं, ना वय. सर त्याच बाईच्या मापाचा होता, जिला डोकंच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुकानात गर्दी उसळली. कपाटातल्या माना कमी पडल्या, म्हणून काउंटरवरचा पोरगा ही मान सरासकट पुढे घेऊन गेला. मावशी वरच्या मजल्यावरून दोरा घेऊन खाली येते तोवर सर एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात. ठसठशीत बाई, आखूड मान. सोळा इंची सर तिला अक्षरशः गळफास झाला होता. पण मोती तिच्या मनात भरले होते.

"मावशी, हा तुमच्या टेबलावर होता. मालच आहे ना?" पोराने विचारलं.

'माझा आहे' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात धाकटे मालक पुढे सरसावले. "बाईंना जरा लांब हवाय, मावशी. वाढवून द्या लगेच. मोती डब्यातून घ्या."

"किती घेऊ?"

"लागतील तेवढे घ्या हो! विचारता काय?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. आपणच दिलेला सर त्यांनी ओळखला नव्हता. बाईने सर काढून तिच्या हातावर ठेवला. ती पडद्याआड गेली, आपल्याच गाठी एक एक करून कापल्या आणि डब्यातून सतरा मोती मोजून घेतले. पुन्हा ओवायला बराच वेळ लागला. बाई बाहेर चहा पीत बसली होती.

सर छातीवर उतरला आणि बाई आरशात दहा वर्षांनी लहान झाली. "अगं बाई! तुम्हाला न सांगता कसं कळलं हो, वीसच पाहिजे ते?"

"बघितलं की कळतं," मावशी म्हणाली.

संध्याकाळी दिवे मालवताना धाकट्या मालकांना काहीतरी आठवलं. "काय मावशी, आपला सर घालत नाही वाटतं?"

मावशीने पोलक्याचं वरचं बटण चाचपून पाहिलं. लागलेलं होतं.

"कपाटात ठेवलाय, साहेब," ती म्हणाली. "रोज घालण्यासारखा नाही तो."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावरचा दिवा मालवला.